बाईंचा कढीपत्ता

दहिवलीत कुणाच्या दारात कढीपत्ता असला की तो त्याच्या एकट्याचा राहत नाही. इकडे तेल तापतं, मोहरी तडतडते आणि शेजारीण कुंपणावरून हात घालून चार पानं ओरबाडते. "घेतला गं," एवढं म्हटलं की झालं. विचारण्याची पद्धत नाही आणि नाही म्हणण्याची तर नाहीच नाही. बाई मात्र नाही म्हणायच्या. त्यांच्या अंगणात कौलांच्या वर गेलेलं झाड होतं, पावसाळ्यात पोपटी पालवीनं नुसतं लगडलेलं, आणि बाई कर्जतच्या बाजारातून कढीपत्त्याची जुडी विकत आणायच्या. कुणी दारात आलं की त्याला झाडाकडे फिरकू न देता आतून दोन काड्या आणून हातावर ठेवायच्या. "हा घ्या, ताजा आहे. झाडाचा नाही मिळायचा."

घरचं झाड असून विकतचा कढीपत्ता वाटणारी बाई म्हटल्यावर गल्लीनं काय ते ठरवून टाकलं होतं. कुणी चिकट म्हणे, कुणी डोक्यावर परिणाम झालाय म्हणे. मला खोली दाखवायला आणणारा रिक्षावाला फाटकाच्या आत यायला तयार नव्हता. "जावा तुमी, मी हितंच हाय," म्हणाला आणि रिक्षा वळवून ठेवली.

मी तेव्हा खोपोलीच्या एका कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते आणि जवळपास भाड्याची जागा शोधत होते. बाईंनी माझं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. "अळीची किळस येते का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "येते." "खरं बोललात," त्या म्हणाल्या, "राहा." मी राहिले, आणि बरीच वर्षं राहिले.

बाई उंच होत्या, पाठीत किंचित वाकलेल्या. सुती साडी वर खोचलेली, पायात गमबूट, चष्मा नाडीनं गळ्यात अडकवलेला. लोधिवलीकडच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. शाळा सुटली, पण आवाज वर्गातलाच राहिला. दूधवाला असो की मतं मागायला आलेला पुढारी, समोर उभा राहिला की त्याला धडा मिळायचाच. पुढाऱ्याला त्यांनी एकदा भर उन्हात झाडाखाली उभं करून अळीचे पाय मोजायला लावले होते. तो बिचारा चुकला. बाईंनी मत कुणाला दिलं ते कळलं नाही, पण त्यानं पुढं दहिवलीत सभा घेतली ती दुसऱ्या टोकाला.

'सुंदर' हा शब्द त्यांच्या अंगणात चालत नसे. फुलपाखरू दिसलं आणि माझ्या तोंडून "किती सुंदर" निघालं की त्या खाटकन विचारायच्या, "मागच्या पंखावर ठिपके किती ओळींत आहेत?" मला सांगता यायचं नाही. "मग तुम्ही पाहिलंच नाही. सुंदर म्हणून मोकळ्या झालात." याचा मला पहिल्या वर्षी भयंकर राग यायचा. दुसऱ्या वर्षी मी आधी ओळी मोजायला लागले.

त्या झाडावर वाढायचं ते फुलपाखरू तसं काही दुर्मीळ नाही. कढीपत्ता नाहीतर लिंबाचं झाड असेल तिथं ते असतं. इंग्रजीत त्याला कॉमन मॉर्मन म्हणतात, मराठीत बहुरूपी. काळं, बऱ्याच लांबूनही ओळखू येईल एवढं मोठं, मागच्या पंखाला छोटी शेपटी. ही शेपटीवाल्यांची एक मोठी भावकी आहे, तिचं कूळ वेगळं, असं बाई सांगायच्या. या भावकीतलं बहुरूपी हे सगळ्यांत कपटी घराणं. नर एकाच प्रकारचा, काळ्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. मादी मात्र तीन प्रकारची. एक हुबेहूब नरासारखी. दुसऱ्या दोघी परक्यांसारख्या. सापसंदाच्या वेलीवर वाढणारी दोन विषारी फुलपाखरं आहेत, पाखरं त्यांना तोंड लावत नाहीत. बहुरूपीच्या या दोन माद्या त्यांचे कपडे घालून फिरतात. एकीच्या मागच्या पंखावर पांढरे आणि लाल डाग, दुसरीच्या पुढच्या पंखावर पांढरे पट्टे आणि मागच्यावर लाल चांदण्या. विष दोघींतही नाही, नुसता आव.

"पूर्वीच्या पंडितांनी तिघींना तीन नावं दिली होती," बाई सांगायच्या. "तीन पेट्यांत तीन टाचण्या. रंगावरून ठरवलं ना! मग कुणीतरी एकीची अंडी वाढवली आणि त्यातून दोन-दोन, तीन-तीन प्रकारच्या मुली निघाल्या. मग बसले डोकं धरून." मॉर्मन या नावावर तर त्यांचा कायमचा दात होता. एका नराच्या नाना तऱ्हेच्या बायका म्हणून कुण्या साहेबानं बऱ्याच बायका करणाऱ्या एका पंथाचं नाव ठेवलं म्हणे. "करामत सगळी बायकांची, आणि नाव कशावरून, तर नवऱ्यावरून."

माणसांचंही त्या असंच लावायच्या. पनवेलला त्यांची एक भाची होती. तिचा मुलगा कॉलेजात नापास होऊन घरात तोंड मिटून बसला तेव्हा सगळे नातेवाईक समजावायला धावले. बाईंनी फोनवर सांगितलं, "कोशात आहे तो. हलवू नका. हलवलं की वाकडा निघतो." मी कारखान्यात भांडून आले की मला म्हणायच्या, "आज कात टाकताय वाटतं. खायला नंतर देते." आणि खरंच तासाभरानं ताट झाकून आणायच्या. मला घरची आई होती, चांगली होती, पण मी भांडून आले आहे हे न विचारता ओळखणारं दुसरं कुणी मला पुढं भेटलं नाही.

हे सगळं वेड कुठून आलं ते त्यांनी मला एका दुपारी शेंगा सोलता सोलता सांगितलं. शाळेत त्या दरवर्षी बहुरूपीच्या तीन मुलींचा धडा रंगवून सांगत. पुस्तकात नसलेला, त्यांचा आवडता. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुमी पायलंय का? एका आयशीच्या तिघी निघताना?" बाई म्हणाल्या, "नाही." मुलगी "बरं" म्हणून खाली बसली. कुणी हसलं नाही, काही नाही.

"त्या 'बरं'नं मला झोप लागेना," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी ऐकीव शिकवत होते. त्याच पावसाळ्यात हे रोप लावलं."

झाड वाढलं. अळ्या आल्या, कोश झाले, फुलपाखरं निघाली. नर निघाले, नरासारख्या माद्या निघाल्या, लाल डागांच्या निघाल्या. लाल चांदण्यांची तिसरी मात्र त्या झाडावर कधी अंडी घालायला आली नाही. ती आली, तिची अंडी वाढली, आणि तिच्या पोटच्या वेगवेगळ्या मुली एकामागून एक पंख वाळवताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, की बाईंचा धडा पुरा होणार होता. बाटलीत वाढवणं त्यांनी सोडून दिलं होतं. एकदा बरणीत ठेवलेल्या अळ्या बुरशीनं मेल्या, तेव्हापासून नियमच, पाहुण्याला त्याच्या घरी जाऊन भेटायचं. म्हणून झाडाचं पान तोडायचं नाही. म्हणून विकतची जुडी.

आणि याच सुमाराला बाईंना दिसेनासं झालं.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. डॉक्टर म्हणत, करून टाका. बाई म्हणत, उन्हाळ्यात करू. उन्हाळ्यात म्हणत, आता पालवी फुटेल, पावसानंतर करू. असं करता करता त्यांना ठिपक्यांच्या ओळी मोजता येईनात. मग त्या मला हाक मारायच्या. "बघा हो, कोण आलंय?" मी सांगायचे. त्यांचा विश्वास बसायचा नाही. पुन्हा बघायला लावायच्या.

श्रावणातली सकाळ होती, पाऊस नुकता थांबला होता. मी डबा भरत होते आणि बाहेरून बाईंची हाक आली, पण आवाज वेगळाच. झाडाच्या एका खालच्या फांदीभोवती एक मोठं फुलपाखरू घिरट्या घालत होतं. पुढच्या पंखावर पांढरे पट्टे. मागच्यावर लाल चांदण्या.

"अंग बघा. अंग लाल की काळं?" बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. विषारीचं अंग लाल असतं, सोंग घेणारीचं काळं. मी पुढं झाले. "काळं," मी म्हणाले. "नीट बघा." "काळंच आहे, बाई." तेवढ्यात ती एका कोवळ्या पानावर बसली, पोट वाकवलं, आणि मोहरीएवढं पिवळसर अंडं ठेवून पुढच्या पानावर गेली. विषारी जातीची कशाला येतेय कढीपत्त्यावर? बाईंनी माझं मनगट सोडलं आणि गमबुटासकट ओट्यावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मोतीबिंदूचं नव्हतं.

त्या फांदीला त्यांनी लाल लोकरीचा धागा बांधला, दुसऱ्या कुणाच्या अंड्यांत घोळ नको म्हणून. आणि संध्याकाळी भाचीचा फोन आला की ऑपरेशनची तारीख ठरली आहे, चार दिवसांत न्यायला येते. बाई नाही म्हणाल्या. मी भांडले. म्हटलं, या डोळ्यांनी तुम्ही त्या मुली बघणार आहात का? अंडं फुटून अळी मोठी होऊन कोश होईपर्यंत तुम्ही परत येता. नव्या डोळ्यांनी बघा. हे त्यांना पटलं. बघण्यासाठीच त्या गेल्या, नाहीतर गेल्या नसत्या.

माझं गणपतीला घरी साताऱ्याला जायचं ठरलेलं होतं. झाड सोपवलं मंगलवर. मंगल म्हणजे शेजारची. थोडी भातशेती, नवऱ्याचा टेंपो, दोन म्हशी आणि तोंडाचा पट्टा चालू. गल्लीत बाईंना वेडी न म्हणणारी ती एकटी. विकतचा कढीपत्ताही ती नाक न मुरडता न्यायची. एक अडचण होती. भातावरच्या अळीनं तिचं पीक एकदा खाल्लं होतं, तेव्हापासून अळी दिसली की ती चपलेखाली गेलीच. म्हणून बाईंनी तिला अळ्यांचं नावच काढलं नाही. पानाआड आहेत, तिला कुठं दिसणार, असा हिशेब. नुसतं म्हणाल्या, "मंगल, झाडाला जीवापाड जप हो. एक पान जाता कामा नये. त्या धागा बांधलेल्या फांदीला तर विशेष."

"तुमी निवांत जावा, बाई. कुनाला हात लावू देनार नाय."

बाई परत आल्या त्या दिवशी मीही सुट्टीवरून परतले होते. डोळ्यांत धूळ जायला नको म्हणून भाचीनं त्यांना पनवेललाच जास्त दिवस ठेवून घेतलं होतं. काळा चष्मा लावून, भाचीचा हात सोडून त्या थेट झाडाकडे गेल्या. मंगल मागं उभी होती, पदराला हात पुसत, पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरीसारखी.

झाड लखलखत होतं. मी तसं झाड कुठं पाहिलं नाही. पानन् पान धुतलेलं, कुठं एक डाग नाही, कुठं कुरतडल्याची खूण नाही.

"बगा बाई," मंगल म्हणाली. "तुमी गेल्याव पाखरांनी निसती घान केलती गं बाय. पानापानावं शिटलेली, पांडरी, काली. आमच्या सासूच्या चुलीपरीस घान. मंग मी रोज सकालची ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसत हुती. त्या धाग्याच्या फांदीला तर दोनदा. मला ठावं हाय, नवसाची हाय ती. कुनाला बोलली नाय मी."

बहुरूपीची लहान अळी पाखराच्या शिटेसारखी दिसते. तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. पाखरानं पाहावं आणि तोंड फिरवावं म्हणून. हे मला बाईंनीच शिकवलं होतं.

बाई धाग्याच्या फांदीपाशी उभ्या होत्या. त्यांनी काळा चष्मा काढला. भाची ओरडली तरी काढला. एकेक पान उलटून पाहिलं, खालून, वरून. त्यांना आता सगळं स्पष्ट दिसत होतं. मी मंगलकडे बघू शकत नव्हते. मला वाटलं, आता बाई बोलतील, आणि त्यांचं बोलणं मला माहीत होतं.

"रोज पुसलंस?" बाईंनी विचारलं.

"रोज. पाऊस असला तरी."

बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला, पानं पाहिली तसाच. "वरच्या फांद्यांना काय केलंस?"

"स्टूल घेतला की."

"पडली असतीस तर?" बाई म्हणाल्या. "झाड फार छान ठेवलंस, मंगल. इतकं स्वच्छ मला कधी जमलं नाही. आता मी आले आहे, आता माझं मी बघेन."

रात्री त्या जेवल्या नाहीत. मी समोर बसून होते. मी म्हटलं, तिला सांगायला पाहिजे, निदान पुढच्या वेळेसाठी. बाईंनी ताट झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "काय सांगणार? जे तू जीव लावून केलंस त्यानंच गेलं, असं?" थोड्या वेळानं त्यांच्या ओठांवर काहीतरी हसण्यासारखं आलं. "सोंग किती चोख घेतलं होतं बघा. पाखराला फसवायला घेतलेलं, माणूस फसलं. मी पाखरांच्या जागी असते तर मीही फसले असते." आणि मग मात्र त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. "अळ्या म्हणायला मी घाबरले हो. विश्वास ठेवून सांगितलं असतं तर तिनं त्याही जपल्या असत्या. तिला कधी कळता कामा नये. कधीच." मी हो म्हणाले.

पुढचे पावसाळे बाई त्या नव्या डोळ्यांनी झाडापाशी बसून राहिल्या. सगळं दिसायचं त्यांना. माथेरानच्या डोंगरावरची झाडं मोजून दाखवायच्या. नर आले, नरासारख्या आल्या, लाल डागांच्या आल्या. ती आली नाही. "येईल हो, पाऊस अजून आहे," बाई म्हणायच्या. पाऊस संपला की म्हणायच्या, "पुढच्या पावसाळ्यात." मग माझी पुण्याला बदली झाली. आणि एका हिवाळ्यात भाचीचा फोन आला.

मला बाईंची आठवण येते असं म्हणणं फार कमी आहे. कुठंही कढीपत्त्याच्या झाडापाशी काळं काही फडफडलं की मी थांबते आणि ओळी मोजते, आणि मोजून झाल्यावर उत्तर सांगायला कुणी नसतं. मी चुकले तर "पुन्हा बघा" म्हणणारंही नसतं. कामावरून भांडून येते, दार उघडते, आणि तासभर वाट पाहते. मला त्या हव्या आहेत, बाकी काही नाही.

गेल्या श्रावणात मी दहिवलीला गेले. घर बंद असतं, किल्ली मंगलकडे आहे. बाजूला शनिवार-रविवारवाल्यांचे बंगले झालेत, पण भाचीनं ही जागा अजून विकलेली नाही. मंगल आता थकली आहे. मला पाहून तिनं कडकडून मिठी मारली आणि थेट झाडाकडे नेलं.

झाड लखलखत होतं.

"बाई गेल्यापासना मीच बघते," ती म्हणाली. "दर पावसात. एक डाग ऱ्हाऊ देत नाय. त्यांना लई आवडायचं ना सोच्छ." मग म्हणाली, "ताई, त्या निसत्या बसून काय बगायच्या हो झाडाकडं? दीस-दीस? मी इचारलं तर हसायच्या."

बाईंबद्दल भरभरून बोलावं असं या जगात एकच माणूस उरलं होतं, आणि नेमकं त्यालाच मला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "तू पुसलेली पानं बघायच्या." मंगलनं मान फिरवली आणि पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं तिनं स्टूल आणलं, फडकं ओलं करून पिळलं आणि माझ्या हातात दिलं. "माजा गुडगा चढू देत नाय आता. वरचं तेवडं तुमी करा, उंच हाव."

मी चढले आणि पुसायला लागले. खाली मंगल बोलत होती, म्हशींचं, सुनेचं, टेंपोचं. शेंड्याकडच्या एका कोवळ्या पानावर काहीतरी होतं. तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा. मी वाकून पाहिलं. ते किंचित हललं.

मी ते पान सोडलं आणि पुढचं पुसायला घेतलं.

"तिकडं वर एक डाग ऱ्हायला का काय?" मंगलनं खालून विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तिथलं झालं."